घरकोंबड्याचं जंगल

मराठी घरात भिंत फार दिवस रिकामी राहू शकत नाही. रंगाचा वास जायच्या आत कोणीतरी पाहुणा सोफ्यावर टेकतो, समोर बघतो आणि म्हणतो, “इथे काहीतरी लावा हं.” काय लावा, ते सांगायची जबाबदारी तो घेत नाही. चहा पिऊन निघून जातो आणि ते ‘काहीतरी’ मागे ठेवून जातो.

या ‘काहीतरी’चा आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या यंत्रांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत जाऊन बसल्या. ओलिओग्राफ म्हणत त्या चित्रांना. छापलेल्या कागदावर कॅनव्हासचा पोत उठवायचा, वरून व्हार्निशचा हात फिरवायचा, की लांबून अस्सल तैलचित्र वाटे. तेव्हा कॅनव्हास प्रिंट ही काही आजची टूम नव्हे, आपल्या पणज्यांनी तिला रोज उदबत्ती ओवाळली आहे. मग दलाल-मुळगावकरांची कॅलेंडरं आली. वर्ष संपलं की तारखा कापून चित्र फ्रेमवाल्याकडे जायचं. मग मखमलीवरची हरणं. मग भिंतभर ‘सीनरी’: बर्फाचा डोंगर, तळं, तळ्याकाठी लाल कौलांचं घर. जळगावात मे महिन्यात ४४ डिग्रीला कूलरसमोर बसून माणसं हे स्वित्झर्लंड बघत असत आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नसे. मग सात पळते घोडे. ते कुठल्या दिशेनं पळावेत याबद्दल दोन वास्तुतज्ज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही, त्यामुळे घोडे पळताहेतच.

आता जंगलाची पाळी आली आहे. उशांच्या अभ्र्यांवर रुंद फाटकी पानं, पडद्यांवर पोपट आणि सोफ्याच्या वर कॅनव्हासवर ताणलेलं घनदाट अरण्य. ‘अभिजात जंगलचित्रं’ शोधायला निघालेला माणूस थोडा इकडेतिकडे फिरतो आणि शेवटी बहुधा एकाच चित्रकाराच्या दारात येऊन उभा राहतो. आँरी रूसो.

समाजकरारावर लिहिणारा रूसो वेगळा, तो याच्या शंभरेक वर्षं आधीचा. हा रूसो जकात नाक्यावरचा कारकून. १८४४ साली फ्रान्समधल्या लाव्हाल गावी जन्मला, १८७१ पासून पॅरिसच्या जकात खात्यात चिकटला. शहरात शिरणाऱ्या मालावर कर घ्यायचा, चिठ्ठी द्यायची, गाडी सोडायची. हे काम आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईची जकात २०१७ साली जीएसटी आला तेव्हा गेली, पण बसच्या थांब्यांच्या नावांत नाके अजून शाबूत आहेत आणि माणसं तिथे रोज चढता-उतरतात. चित्रकला तो कुठल्या शाळेत शिकला नाही. १८८४ साली त्यानं लूव्रमध्ये बसून जुन्या चित्रांच्या नकला करायचा परवाना काढला. १८८६ पासून, परीक्षक नेमून कुणाला नाकारायचं नाही अशा बाण्याच्या एका वार्षिक प्रदर्शनात त्याची चित्रं लागू लागली. लोक ती मुद्दाम शोधून बघत आणि मनमुराद हसत. १८९३ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यानं बेताच्या पेन्शनवर नोकरी सोडली आणि पूर्णवेळ चित्रं काढायला बसला. आपल्याकडे या वयात माणसं गाण्याच्या क्लासला जातात आणि घरचे सहन करतात, तसाच काहीसा प्रकार असणार.

या गृहस्थानं पंचवीसेक जंगलं रंगवली. त्यांत वाघ आहेत, सिंह आहेत, माकडं, साप, पाणपक्षी, रक्ताळलेले सूर्य आहेत. आणि तो फ्रान्सच्या बाहेर एकदाही गेला नाही.

तरुणपणी सैन्यात होता, त्याचा त्यानं पुढे चांगला उपयोग करून घेतला. आपण मेक्सिकोच्या मोहिमेवर गेलो होतो, जंगलं तिथे बघितली, असं तो सांगे. अपॉलिनेरसारख्या कवीनं ही कथा उचलून धरली आणि गावभर केली. खरं म्हणजे मेक्सिकोहून परतलेल्या शिपायांच्या गप्पा त्यानं ऐकल्या असाव्यात, एवढंच. जंगल त्याला भेटलं ते पॅरिसमध्येच, जार्दाँ दे प्लांत या सरकारी बागेत. तिथे काचेची मोठमोठी गरम घरं आहेत आणि उष्ण प्रदेशातली झाडं त्यांत थंडीपासून जपून वाढवलेली. त्या काचघरात शिरलं की आपण स्वप्नात शिरल्यासारखं होतं, असं तो म्हणत असे. शेजारी प्राणिसंग्रहालय. पलीकडे निसर्गविज्ञानाचं संग्रहालय, त्यात पेंढा भरलेले प्राणी. घरी मुलांसाठी काढलेला रानटी जनावरांचा सचित्र अल्बम, तोही गालरी लाफायेत या कापडचोपड विकणाऱ्या बड्या दुकानानं काढलेला. त्यातलं जनावर पँटोग्राफनं मोठं करून घ्यायचं आणि पानांत बसवायचं. १९०५ सालचा ‘भुकेला सिंह काळविटावर झेप घेतो’ हा त्याचा दहा फूट रुंदीचा कॅनव्हास हिंस्रपणाचा कळस मानतात. त्यातला सिंह आणि काळवीट दोघंही संग्रहालयात काचेआड पेंढा भरून उभे होते. काळविटाच्या डोळ्यातलं टिपूस मात्र रूसोचं स्वतःचं.

आणि पानं! ती तर बघण्यासारखी आहेत. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या बाजूला, कुंडीत आपण जे स्नेक प्लांट ठेवतो तसली पानं त्यानं माणसाच्या वर वाढवली आणि त्यांच्याआड वाघ लपवला. त्याच्या जंगलात धूळ नाही, वाळलेली फांदी नाही, बुरशी नाही, जळू नाही, गोचीड नाही. पान न पान पुसून ठेवलेलं. अशी निगा जंगलात कोण राखतं? घरात राखतात.

म्हणून मला हे जंगल आवडतं. अस्सल घरकोंबड्यानं घरकोंबड्यांसाठी केलेलं जंगल आहे ते. ताडोब्याला पहाटे साडेचारला उठून, जिप्सीत कुडकुडत, शेवटी सांबर बघून परत येणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. त्यांनी स्वतः काढलेला वाघाचा फोटो भिंतीवर लावावा, तो त्यांचा हक्क आहे. पण ज्याला रविवारी दुपारी वरण-भात झाल्यावर आडवं होऊन, पंख्याखाली जंगलात जायचं आहे, त्याच्यासाठी रूसो आहे. त्याची सगळी तयारी आपल्यासारखीच, ऐकीव आणि छापील.

तर भिंत होतीच, घरात ठरलं की रूसो लावायचा. कुठला, यावर मात्र आमच्या घरी संसदेचं अधिवेशन भरलं.

माझं मन होतं ‘स्वप्न’वर. १९१० सालचं, त्याचं शेवटचं मोठं चित्र. त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. मूळ चित्र २०४ सेंटिमीटर उंच आणि २९८ रुंद, म्हणजे आमच्या लिफ्टमध्ये ते उभंआडवं कसंही गेलं नसतं आणि हॉलमध्ये आलं असतं तर टीव्ही गॅलरीत काढावा लागला असता. चित्रात चांदण्यातलं अरण्य आहे, दोन सिंह डोळे वटारून बघताहेत, पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र नेसलेला एक सावळा वादक पुंगीसारखं काही वाजवतोय, झाडीतून हत्ती डोकावतोय. आणि डाव्या अंगाला, भर जंगलात, एक सोफा. चांगला वळणदार पाठीचा, पॅरिसच्या दिवाणखान्यात शोभणारा. लोकांनी तेव्हाही विचारलं, की बुवा जंगलात सोफा कसा? रूसोनं एका समीक्षकाला शांतपणे कळवलं, की बाई सोफ्यावर झोपली आहे आणि आपण जंगलात आलो असं स्वप्न बघते आहे, म्हणून. आपण सोफ्याच्या वर जंगल लावतो, त्यानं जंगलात सोफा लावला. व्यवहार पुरा झाला.

अडचण सोफ्याची नव्हती, सोफ्यावरच्या बाईची होती. तिच्या अंगावर काहीही नाही. आमच्या सासूबाईंनी मोबाइलवर चित्र मोठं करून पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, “जंगलात डास किती असतील.” यापलीकडे त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चित्र बाद झालं.

मग ‘चकित!’. १८९१ सालचं, त्याचं पहिलं जंगल, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वादळ, वीज, वाकलेली झाडं आणि झाडीत अंग चोरून दबा धरलेला वाघ. पाऊस त्यानं रंगाच्या बारीक रुपेरी रेघांनी सबंध चित्रभर तिरका ओढला आहे. हा पाऊस मात्र त्यानं कुठल्या काचघरात पाहिला कोण जाणे, आपल्या आषाढातला वाटतो. फेलिक्स व्हालोताँ या तरुण चित्रकारानं तेव्हाच त्याची मनापासून तारीफ केली होती. पण आमच्या चिरंजीवांचं म्हणणं पडलं की या वाघाचा चेहरा दात घासायला सांगितल्यासारखा आहे. एकदा हे ऐकल्यावर दुसरं काही दिसेना.

शेवटी एकमत झालं ते ‘वाघ आणि रेड्याची झुंज’ या १९०८ च्या चित्रावर. एकमताचं खरं कारण असं, की हे चित्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे, आणि त्या संग्रहालयानं २०१९ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या, स्वच्छ फायली सगळ्या जगाला फुकट उतरवून घ्यायला ठेवल्या आहेत. रूसोला जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्याचा वाघ आता कुणाच्याही मालकीचा नाही. फुकट म्हटल्यावर कलेबद्दलचे मतभेद बरेच निवळतात.

फाइल पेनड्राइव्हवर घालून मी गेले स्टेशनजवळच्या डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे. त्याचा मुख्य धंदा फ्लेक्सचा. मशीनवर त्या वेळी कोण्या भाऊंचा वाढदिवस चालू होता. आधी पांढरा शर्ट बाहेर आला, मग सोन्याची साखळी, मग गॉगल, मग खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. भाऊ पूर्ण झाल्यावर त्यांच्या मागोमाग रूसो लागणार होता. मुलानं फाइल उघडली आणि प्रसन्न झाला. “क्वालिटी एक नंबर आहे, ताई. कितीही मोठं करा, पिक्सल फाटणार नाहीत.” मग काळजीत पडला. चित्र जवळजवळ चौकोनी, आणि त्याच्याकडे दोन बाय तीन फुटांचं लाकूड तयार. “ओढून बसवू का?” असं विचारून त्यानं उत्तराची वाट न बघता ओढलं. वाघ एकदम अंगानं भरला. रेडा तर दोन घरांचा झाला. नको म्हटलं. मग “वरून-खालून कापू?” कापलं तर आभाळ जात होतं, केळीचे घड जात होते, जंगलाचा परसदारचा मळा होत होता. नको म्हटलं. शेवटी छत्तीस बाय चाळीसचं लाकूड सुताराकडून करून घ्यायचं ठरलं. निघताना त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, “कलर थोडे ब्राइट करून देऊ? हिरवा फार डल आहे.” रूसोनं एकेका जंगलासाठी हिरव्याच्या कितीतरी छटा घोटल्या, पण हे सांगण्याची ती जागा नव्हती. “आणि खाली नाव टाकायचं का कोणाचं?” मी म्हटलं, चित्रकाराची सही आहे ती पुरे.

कॅनव्हास त्यानं झकास दिला. मला एक गोष्ट आठवली. १९०८ च्या सुमारास पिकासोला पॅरिसमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात रूसोनं काढलेलं एका बाईचं चित्र दिसलं. किंमत पाच फ्रँक. दुकानदार म्हणाला, कॅनव्हास चांगला आहे, यावर दुसरं काही रंगवता येईल. पिकासोनं ते घेतलं आणि आयुष्यभर जवळ ठेवलं. त्याच वर्षी त्यानं आपल्या खोपटासारख्या स्टुडिओत रूसोसाठी मेजवानी मांडली. खोक्यावर खुर्ची ठेवून सिंहासन केलं, त्यावर म्हाताऱ्याला बसवलं. जेवणाची ऑर्डर चुकीच्या तारखेची गेल्यामुळे जेवण आलंच नाही. वरच्या कंदिलातून मेण टपटप रूसोच्या डोक्यावर पडत होतं आणि तो ते सन्मानाचाच भाग समजून स्वस्थ बसून होता. मग त्यानं व्हायोलिन वाजवलं. थट्टा किती आणि सत्कार किती, ते जमलेल्यांनाही सांगता आलं नसतं. रूसोला मात्र तो सत्कारच वाटला, आणि शेवटी इतिहासानं त्याचंच म्हणणं मान्य केलं.

चित्र घरी आलं, तशी माझी एक मैत्रीण आली. तिनं कलेचा रीतसर अभ्यास केला आहे, त्यामुळे तिला घरी बोलवायचं म्हणजे भिंती आवराव्या लागतात. ती म्हणाली, “अगं, म्युझियममधलं चित्र सोफ्याच्या कव्हरला मॅचिंग म्हणून लावायचं? ही विटंबना आहे.” कव्हर खरंच हिरवं आहे, ते मी नाकारलं नाही. पण तिच्यापुढे मी ‘गारुडीण’ ठेवली. हिरव्या चांदण्यात नदीकाठी उभी काळीसावळी स्त्री, ओठांशी बासरी, गळ्यात साप, झाडांवरून उतरणारे आणखी साप. १९०७ सालचं हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मानानं आहे. ते काढवून घेतलं होतं रोबेर दलोने या चित्रकाराच्या आईनं, आपल्या घरासाठी. बाई हिंदुस्थान फिरून आल्या होत्या, तिथलं काय काय त्यांनी रूसोला सांगितलं आणि त्या गप्पांतून हे चित्र उगवलं, असं म्हणतात. एका बाईंनी सहलीहून येऊन गप्पा मारल्या, घरच्या भिंतीसाठी चित्र सांगितलं, चित्रकारानं कुंड्यांकडे बघून ते काढलं. १९२२ साली मुलानं ते जाक दूसे या संग्राहकाला विकलं ते पुढे लूव्रला द्यायच्या बोलीवर. म्हणजे आधी दिवाणखाना, म्युझियम मागाहून. शिवाय पेंढ्याच्या आणि छापील जनावरांवरून काढलेल्या जंगलाची छापील प्रत लावली तर नेमकी कुठली पायरी घसरली, हेही मैत्रिणीला सांगता येईना. तिनं विषय बदलला आणि चहात साखर जास्त झाली म्हणाली.

वास्तुवाल्यांचं काय, हा प्रश्न राहिला होताच. हिंस्र पशू आणि झुंजीची चित्रं घरात लावू नयेत, भांडणं होतात, असं खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात थांबवून सांगितलं. मी म्हटलं, काका, आमच्याकडे सात घोडे होते तेव्हाही होत होती. शिवाय आपली अष्टभुजा वाघावरच बसते. काका म्हणाले, “ती बसलीय म्हणून तो शांत आहे. तुमच्या वाघावर कोण बसलंय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भिंत सिपोरेक्सची निघाली, ड्रिल मारलं की भुगा पडायचा आणि गिट्टी जागच्या जागी गोल फिरायची. सुतार म्हणाला, ठाण्यात नव्या बिल्डिंगांत सगळीकडे हेच, जड काही लावू नका. कॅनव्हास हलका, त्यामुळे निभावलं. त्यानं मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे पावसाळ्यात भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. रूसोच्या जंगलात बुरशी नाही हे मी आधी म्हटलं आहे. ठाण्याच्या ऑगस्टमध्ये त्याची खात्री देता येत नाही.

आता खऱ्या जंगलाचं सांगते, कारण ते आमच्यापासून फार लांब नाही. आमचं घर घोडबंदर रस्त्याला. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, म्हणजे दिसायचे. आता समोरच्या टॉवरच्या दोन विंगांमधून त्यांची एक उभी फट दिसते. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे अरण्य मुंबई आणि ठाणे यांच्या ऐन मध्ये तग धरून आहे आणि त्यात बिबटे आहेत. इथल्या इमारतींच्या जाहिरातींत हिरवं रान, धबधबा, पक्षी सगळं असतं, बिबट्या तेवढा नसतो. आणि मग एका रात्री सोसायटीच्या मागच्या कुंपणाजवळ तो कॅमेऱ्यात दिसतो. अकरा सेकंदांची क्लिप, करड्या रंगात, एक सावली भिंतीवरून उतरते आणि पार्किंगमधून चालत जाते. घाई नाही, झेप नाही, रक्ताळलेला सूर्य नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र वणवा पेटतो. वनखातं काय करतंय? पिंजरा लावा. मुलांना खाली सोडू नका. मेंटेनन्स कशाचा घेता? यांत सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिणारे गृहस्थ आमच्याकडे आले होते तेव्हा सोफ्यावर बसून वाघाकडे दहा मिनिटं बघत होते आणि म्हणाले होते, “निसर्गाच्या सान्निध्यात बरं वाटतं.”

मी त्यांना हसत नाही, मीही त्या रात्री बाल्कनीचं दार लावून घेतलं होतं. पण या डोंगरांतल्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, त्याला शेंदूर. वाघबारशीला त्याची पूजा होते. बिबट्याही तिथल्या लोकांच्या लेखी वाघोबाच. ज्यांच्या दारावरून तो खरोखर जातो, त्यांनी त्याला वेशीवर बसवलं आहे, नमस्कार करून, ठरावीक अंतरावर. त्याला हॉलमध्ये घ्यायची हौस अंतर पडल्यावरच येते. जुन्या संस्थानिकांनाही ही हौस होती. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात पेंढा भरलेली जनावरं बघायला आजही लोक जातात. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि भिंतीवर खरा वाघ लावायची सोय संपली. कापडावरच्या वाघात निदान कोणाचा जीव गेलेला नाही, रेडा सोडून.

राहता राहिल्या सासूबाई. चित्र लागलं त्या दिवशी त्यांनी काही मत दिलं नाही. त्या मूळच्या रावेरच्या. रावेर-यावल म्हणजे केळीचा मुलूख, आणि त्यांचं बालपण माहेरच्या केळीबागेत गेलं आहे. दोन-तीन दिवस त्या दुपारचं पोथीवाचन सोडून चित्रासमोर बसू लागल्या. मला वाटलं, कलेचा परिणाम होतोय. वाघानं रेड्याच्या मानेत दात रुतवले आहेत, रेडा गुडघ्यावर येतो आहे, आजूबाजूला पानांचा हिरवा कल्लोळ. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“ही केळी उलटी लागलीत.”

“कुठली, आई?”

“कुठली म्हणजे? ही पिवळी. अगं, घड खाली लोंबतो, पण फण्यांतलं एकेक केळ वर तोंड करून असतं. यानं सगळी खाली लोंबती काढलीत. बाजारात दोरीला घड उलटा टांगलेला बघून काढलं असणार या माणसानं.”

क्लीव्हलँडच्या तज्ज्ञांनीही या उलट्या केळ्यांची नोंद घेतली आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना विशेष वाटलं नाही, रावेरात हे पोरंसोरंही सांगतात म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, पण वाघ कसा वाटतो?” त्यांनी वाघाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “वाघ ठीक आहे. वाघ मी कुठे जवळून पाहिलाय?”

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी भावाला फोन केला, आणि गेल्या आठवड्यात रावेरहून कोणाच्या तरी गाडीतून ग्रँड नैनचं टिश्यू कल्चरचं रोप आलं, पिशवीतल्या मातीसकट. ते आता बाल्कनीत सर्वांत मोठ्या कुंडीत आहे. वाढलं की सहा-सात फूट होईल, आपलं छत साडेनऊ आहे, बसतं म्हणाल्या. साधारण वर्षभरात घड येतो, तोवर शेणखत कोण आणणार आणि पाण्याची बाटली घेऊन कोण उभं राहणार, याची वाटणीही त्यांनी करून टाकली आहे. सोसायटीच्या नियमात बाल्कनीत दीड फुटावरची झाडं चालत नाहीत, तशी नोटीस खालच्या काकांनी सचिवांना दाखवलीसुद्धा. सचिव वर आले, केळ बघितली, वाघ बघितला, चहा घेतला. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, घड आला तर भाजीला कच्ची दोन-चार मिळतील का.